सहलीतला मोकळा दिवस

सिंगापूर
बुधवार, १२ मार्च २०२५, संध्याकाळ

अनुया,

‘चि. सौ. कां.’ लिहायला घेतलं आणि हात थांबला. ज्या मुलीच्या लग्नाची बातमी बापाला बायकोच्या फोनवर चोरून वाचावी लागते, तिला सौ. कां. कोणत्या तोंडाने लिहायचं? म्हणून नुसतंच नाव.

तू माझा नंबर बंद केलास त्याला सहा वर्षं होत आली. ईमेलला उत्तर नाही. तुझा इथला पत्ता तुझी आई मला सांगत नाही. म्हणून हा कागद. पोचेल कसा ते मलाही ठाऊक नाही. हॉटेलच्या टेबलावर चारच कागद ठेवलेले होते. चारच का, हे मी खाली जाऊन विचारून आलो. काउंटरवरची मुलगी हसली आणि तिने आणखी दहा दिले.

हो, मी सिंगापूरला आलो आहे. दचकू नकोस. पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर आलो आहे, सत्तावीस माणसं, पाच दिवस, शनिवारी सकाळी आठच्या बसने विमानतळ आणि परत. माझ्या मनात दुसरं काही नाही. निवृत्त माणसं फिरतात, तसा मीही फिरतो आहे. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, “जा हो, खुशाल जाऊन या.” छत्तीस वर्षांत मेधाने माझ्या कुठल्याही बेताला एका दमात हो म्हटलेलं नाही. मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. वर ती स्वतः शुक्रवारपासून चार दिवस बहिणीकडे जाणार म्हणाली. बहिणीकडे जायला पासपोर्ट लागत नाही, आणि तिचा पासपोर्ट कपाटात नव्हता.

पत्रिका मी पाहिली आहे. ती आंघोळीला गेली होती तेव्हा पाहिली. सारंग सुबोध कारखानीस, राहणार पासिर रिस, शनिवारी सकाळी दहाला नोंदणी आणि नंतर जेवण. त्यांच्याकडून आईबाप दोघांची नावं, आपल्याकडून फक्त तुझ्या आईचं. माझ्या नावामागे ‘कै.’ लावून तरी छापायचं होतं, लोकांना खुलासा झाला असता.

अभयच्या वेळी मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठी केलं, आणि त्यावर मी अजून ठाम आहे. मुलाकडची चौकशी करणं हे मुलीच्या बापाचं कामच आहे. माझ्या आजोबांनी केली, वडिलांनी केली. मी सांगलीला जाऊन केली आणि औषधाच्या दुकानात मला कळलं की मुलगा मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतो. ते मी बैठकीत सांगितलं. चारचौघांत सांगायला नको होतं असं तू म्हणालीस, पण बैठक असतेच चारचौघांत. लग्न मोडलं, तू अकरा दिवस खोलीचं दार उघडलं नाहीस आणि मग इथली नोकरी धरून निघून गेलीस.

चौतीस वर्षं मी विम्याच्या दाव्यांची चौकशी केली. कागदावर मेलेली माणसं मी टपरीवर चहा पिताना पकडली आहेत. तेव्हा तुझ्या या सारंगने इंटरनेटवर स्वतःची जी माहिती मांडली आहे तिच्यात दोन खड्डे आहेत, हे मला पाच मिनिटांत दिसलं. शाळेनंतरची दोन वर्षं कोरी. आणि २०२१ सालातले आठ महिने कोरे. तरण्याबांड पोराची दोन वर्षं अशी कोरी का राहतात? तुरुंग असू शकतो. हा देश शिस्तीचा आहे म्हणतात.

उद्या आमच्या सहलीतला मोकळा दिवस. कार्यक्रमात लिहिलं आहे, ‘स्वतःच्या आवडीनुसार निवांत शहर भटकंती’. बाकीचे सव्वीस जण पाळण्यांत बसायला चालले आहेत. आमची टूर मॅनेजर ऋचा हिला मी सांगितलं, मला पाळण्यात चक्कर येते. माझी आवड तुला माहीतच आहे.

बाबा


तांजोंग पगार
गुरुवार, १३ मार्च, दुपार

अनुया,

घाईत लिहितो आहे. माझ्याबरोबर एक इसम आहे आणि तो कॉफीच्या रांगेत उभा आहे. रांग लांब आहे तोवर लिहून घेतो.

सकाळी साडेआठला मी सारंगच्या ऑफिसच्या इमारतीसमोर होतो. समोर जुनी दुमजली चिनी दुकानं आहेत, त्यांच्या ओसरीत उभं राहिलं की सावली मिळते आणि आपण उठून दिसत नाही. नऊ वाजून चार मिनिटांनी मुलगा आला. नऊची वेळ असेल तर उशीर झाला. नऊला पाच कमी अशी वेळ असेल तर जास्तच उशीर. फोटोपेक्षा बारीक आहे. आत जाताना मागून येणाऱ्या बाईसाठी त्याने दार धरलं. हे मी टिपून ठेवलं, पण दार कुणीही धरतं.

इमारतीच्या रखवालदाराला विचारून पाहिलं. “अंकल, यू वेटिंग फॉर हू?” त्यानेच मला विचारलं, आणि एवढं विचारून तो माझ्याकडे बघतच राहिला. इथल्या रखवालदारांना बोलतं करणं कठीण आहे. मी तिथून निघणार, एवढ्यात मागून आवाज आला, “पुण्याचे का?”

तर हा इसम. सत्तरीच्या आसपास, अर्धी चड्डी, पांढरे बूट, हातात घडी घातलेली छत्री. मी मराठी हे कसं ओळखलंत, असं मी लगेच विचारलं. म्हणाला, “तुमच्या खांद्यावरच्या पिशवीवर सहल कंपनीचं नाव आहे की, देवनागरीत.” बरोबर होतं. माझीच चूक.

मी खोटंच सांगितलं, मी नाशिकचा गद्रे. तो म्हणाला, मी दीक्षित, तीस वर्षं इथेच आहे, आता निवृत्त. “आज मी मोकळा आहे. चला, तुम्हाला निवांत सिंगापूर दाखवतो.” आता तूच सांग, कोण कुणाला असं फुकट गाव दाखवतं? माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, हा जवाहिऱ्याच्या दुकानाचा दलाल असणार. पण दोन तास झाले, हा मला एकाही दुकानात घेऊन गेलेला नाही. एका चिनी देवळात नेलं, तिथे उदबत्तीच्या धुरात दहा मिनिटं डोळे मिटून बसला. मग एका गल्लीत थांबून म्हणाला, या भिंतीवर दुपारी ऊन फार छान येतं. भिंतीवरचं ऊन दाखवून कुणाला दलाली मिळते?

नाशिकला कुठे राहता, असं त्याने विचारलं. मी पंचवटी म्हणालो. पंचवटीत कुठे, म्हणाला. मी म्हणालो, मी बाहेरगावीच जास्त असतो. त्यावर तो गालातल्या गालात हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

आता मुद्द्याचं. माणसाकडून माहिती काढायची तर प्रश्न विचारू नये, काहीतरी चुकीचं बोलावं. समोरचा न राहवून दुरुस्त करतो. मी म्हणालो, “माझ्या एका स्नेह्याच्या मुलीचं इथल्या मुलाशी जमतंय. कारखानीस म्हणून आहेत. मुलगा लहानपणी दोन वर्षं तुरुंगात होता म्हणतात.”

दीक्षित एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून पाहू लागले. “अहो गद्रे, इथे पोरांना अठरा वर्षं झाली की दोन वर्षं लष्करात जावंच लागतं. सक्ती आहे. त्यांचा मुलगा डोक्यावर बंदूक धरून चिखलातून चालत होता.”

म्हणजे पहिला खड्डा बुजला. पण बघ, कारखानीस कोण, कुठले, हे त्याने मला विचारलंच नाही. याला ते माहीत आहेत. तीस हजार मराठी माणसं असोत की तीनशे, आपली माणसं एकमेकांना ओळखतात, हे मान्य. तरीही विचारायला हवं होतं.

इथली एक गोष्ट मला बघवत नाही. लोक टेबल अडवायला नुसतं कागदी रुमालांचं पाकीट टेबलावर ठेवतात आणि जेवण आणायला जातात. आमच्या शेजारच्या टेबलावर एका पोरीने चक्क ऑफिसचं ओळखपत्र ठेवलं. मी त्यावर लक्ष ठेवून होतो. कुणीही उचललं नाही. मी एका मोकळ्या खुर्चीवर बसायला गेलो तर साफसफाईची म्हातारी म्हणाली, “अंकल, धिस वन गॉट पीपल ऑलरेडी लाह.” आणि हा दीक्षित तर आपला फोन माझ्यासमोर टाकून कॉफी आणायला गेला आहे. मी अजून हात लावलेला नाही.

त्याचा बेत असा आहे की हिरव्या लाइनची गाडी धरायची, आधी पश्चिमेच्या टोकाला तुआसला जायचं, मग उलटं पूर्वेच्या टोकाला पासिर रिसला. “गाडीत बसून नुसतं बघायचं,” म्हणतो. पासिर रिसचं नाव त्याने काढलं, मी नाही. मला तिथे जायचंच होतं, पण माझ्या मनातलं माझ्याआधी कुणी बोललं की मला धडकी भरते.

आला तो. दोन कप आहेत हातात. मी साखर नको म्हटलं नव्हतं, तरी एका कपावर ‘कोसोंग’ असं काहीतरी खरडलं आहे. म्हणजे बिनसाखरेची, असं तो म्हणतो. मला साखर चालत नाही हे याला कुणी सांगितलं?

बाबा


पासिर रिस, स्टेशनबाहेरचा बाक
गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा

अनुया,

मगाशी लिहिलेलं फाडून टाकावं असं वाटलं होतं, पण राहू दे. तेही तू वाचायला हवंस.

तुआसपर्यंत पाऊण तास लागला. शेवटी शेवटी डब्यात आम्ही दोघं आणि निळ्या कपड्यांतले काही बांगलादेशी कामगार. बाहेर क्रेन, टाक्या, लांबच लांब कुंपणं. “इथे मी सव्वीस वर्षं जहाजं दुरुस्त केली,” दीक्षित म्हणाले. (आता मी त्यांना ‘ते’च म्हणणार आहे. कारण कळेलच.) मी म्हणालो, बघण्यासारखं काही नाही इथे. ते म्हणाले, “नाहीच. पण मला तुम्हाला दाखवावंसं वाटलं, मी काय करत होतो ते.” स्टेशनवरच दहा मिनिटं उभं राहून आम्ही परतीच्या गाडीत बसलो.

मग दीड तास पूर्वेकडे. त्या दीड तासात त्यांनी माझी उलटतपासणी घेतली, आणि ती इतकी सफाईदार की मला अर्ध्या वाटेत कळलं. “तुमच्या स्नेह्याची ती मुलगी, तिचं वडिलांशी पटतं का?” मी म्हणालो, पटत नाही. “कोण चुकलं?” मी म्हणालो, जगरहाटी आहे, पोरं ऐकत नाहीत. “आणि ते वडील रात्री झोपतात का नीट?” असं कोण कुणाच्या स्नेह्याबद्दल विचारतं? मी म्हणालो, मला काय माहीत. खरं म्हणजे मी नीट झोपत नाही.

पासिर रिसला उतरून आम्ही समुद्रावर गेलो. लाटा नावाला. समोर बेट, डोक्यावरून चांगीला उतरणारी विमानं. एका बाकावर बसलो. मी दुसरा खड्डा काढला. “तो कारखानिसांचा मुलगा २०२१ मध्ये आठ महिने परदेशी होता ना?” चुकीचंच बोललो, सवयीने.

“नाही,” ते म्हणाले. “घरीच होता. आजारी.”

“कसला आजार?”

“मनाचा.”

अनुया, मला आनंद झाला. हे लिहिताना पेन जड होतं आहे, पण झाला. सहा वर्षं ज्या एका गोष्टीपायी मी घरात वाईट ठरलो, तीच गोष्ट पुन्हा माझ्या हाती आली होती. मी बरोबर होतो असं आता सगळ्यांना म्हणावं लागणार होतं. शनिवारच्या आधी मेधाला फोन करायचा, कोणत्या शब्दांत सांगायचं, ते वाक्यसुद्धा माझं जुळवून झालं. मी वही काढली.

डॉक्टर कोण, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. गोळ्या? सांगितल्या. अजून चालू आहेत? “एक आहे. रात्रीची. मुलीला माहीत आहे, तीच आठवण करते.” मी लिहून घेत होतो आणि ते थांबत थांबत सांगत होते, माझं लिहून व्हायची वाट बघत.

मग म्हणाले, “पोरगा दार उघडायचा नाही. आई ताट ठेवायची, ताट तसंच परत जायचं. बापाला काही सुचेना. त्याला एकच नाद, मराठी शब्दकोडं. तर तो रोज सकाळी कोडं कागदावर छापून घ्यायचा, पोराच्या दाराबाहेर फरशीवर बसायचा आणि मोठ्याने वाचायचा. आडवे शब्द, उभे शब्द. आतून आवाज नाही. बेचाळीस दिवस. त्रेचाळिसाव्या दिवशी आतून उत्तर आलं. एक शब्द. चुकीचा होता. बापाने पेनने तोच लिहिला.”

“चुकीचा होता हे तुम्हाला कसं माहीत?”

हे मी मुद्दाम विचारलं नाही ग. तोंडातून गेलं. चौतीस वर्षं हाच प्रश्न विचारून मी माणसं पकडत आलो. जो घरात नव्हता त्याला आतली गोष्ट कशी कळली, एवढं एकच बघायचं असतं.

ते समुद्राकडे बघत राहिले. मला बिनसाखरेची कॉफी आठवली, तुआस आठवलं, पंचवटीवरचं हसणं आठवलं. मी वही मिटली. त्यांनी ती मिटताना पाहिली. मग म्हणाले, “चला गद्रे, ऊन उतरलं. पाय मोकळे करू.” मी म्हणालो, “चला दीक्षित.”

चालत त्यांच्या ब्लॉकपाशी आलो. इमारतीखाली मोकळी जागा असते, बाक असतात, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. पत्रिकेतला पत्ता मला पाठ होता आणि भिंतीवरचा आकडा समोरच होता. ते म्हणाले, “आज होळी. घरी पुरणपोळी आहे. तुम्हाला वर नेलं असतं, पण घरात पाहुणी आहे. तिला विचारल्याशिवाय मी कुणाला नेणार नाही.”

मी म्हणालो, “बरोबर आहे.”

ते वर गेले. मी खाली एकटा पंधरा मिनिटं बसलो. लिफ्ट सहा पावलांवर होती. तू वर होतीस, अनुया, आणि मला कुणी अडवलेलं नव्हतं. मी उठलो नाही. घाबरलो म्हण.

ते डब्यातून दोन पोळ्या घेऊन आले. एकीचं पुरण कडेने बाहेर आलं होतं. तुझी पोळी कायम तशीच फुटायची, तुझी आई म्हणायची, घाई करतेस म्हणून. मी दोन्ही खाल्ल्या. त्यांनी मला साखरेची आठवण केली नाही.

मला सोडायला स्टेशनपर्यंत आले. म्हणाले, “उद्या अकराला हॉटेलवर येऊ का तुमच्या?”

“कुठल्या हॉटेलात उतरलोय ते तुम्ही विचारलं नाहीत.”

“नाही विचारलं,” ते म्हणाले आणि छत्री हलवून निघून गेले.

बाबा


सिंगापूर, हॉटेल
शुक्रवार, १४ मार्च, सकाळ

अनुया,

सकाळी सात वाजता मेधाला फोन केला. तिकडे साडेचारच वाजले होते, पण ती जागी होती, बॅग भरत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “हो. मीच कारखानिसांना तुमचा फोटो पाठवला. हॉटेल सांगितलं, मोकळ्या दिवशी सारंगच्या ऑफिससमोर असाल म्हटलं, साखरेचंही सांगितलं.”

“का?”

“तुम्ही सहल म्हणालात तेव्हाच ओळखलं मी. जन्मात कधी स्वतःहून फिरायला गेला आहात? तुम्ही चौकशीला निघालात, म्हणून मी त्यांना म्हटलं, तुम्हीही आमच्या माणसाची चौकशी करून घ्या. मुलीकडच्यांनी करायची आणि मुलाकडच्यांनी नाही, असं कुठे आहे?”

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, “अनुयाला माहीत आहे, मी इथे आलोय ते?”

“नाही. कारखानीस म्हणाले, आधी मी माणूस बघतो, मग तिला सांगायचं की नाही ते ठरवू.” आणि मग थोडं थांबून म्हणाली, “काही उद्योग करू नका हो. पोरगी सहा वर्षांनी हसायला लागली आहे.” तुझी आई माझ्याशी इतक्या घाबरलेल्या आवाजात कधी बोललेली मला आठवत नाही. तिचं विमान संध्याकाळी पोचेल.

कारखानीस अकराला येतील. आता सव्वानऊ झाले आहेत. जे लिहायचं ते लिहून टाकतो.

सांगलीच्या औषधाच्या दुकानातला तो माणूस मला अजून दिसतो. चष्मा, स्वेटर. त्याने मला दोन वाक्यं सांगितली होती. पहिलं, “अभय आमच्याकडून मनाच्या आजाराच्या गोळ्या न्यायचा.” दुसरं, “पण दोन वर्षं झाली, एकही नेलेली नाही, डॉक्टरांनीच बंद केल्या, पोरगा खडखडीत आहे.” दोन्ही माझ्या वहीत आहेत, एकाखाली एक. बैठकीत मी पहिलं वाक्य सांगितलं. अभयची आई उठून उभी राहिली, म्हणाली, “अहो, पण तो आता बरा आहे,” आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “तसा काही पुरावा माझ्याकडे नाही.” पुरावा माझ्या खिशात होता.

चौतीस वर्षांत मी कुणाच्याही जबानीतलं वाक्य गाळलं नाही. ज्यांचे दावे मी फेटाळले त्यांच्या बाजूची वाक्यंसुद्धा मी अहवालात लिहिली. फक्त तुझ्या बाबतीत गाळलं. आणि तुझ्या भल्यासाठी नव्हे. तू मुलगा स्वतः निवडलास, त्याच्या आईबापांना भेटून आलीस, आणि मग मला सांगितलंस. मला शेवटी सांगितलंस, याचा मला राग होता. मला ते लग्न मोडायचं होतं आणि कारण हवं होतं. हे मी मेधालाही कधी सांगितलं नाही. तिला वाटतं माझी फक्त जीभ घसरली. तुलाही आजवर तेवढंच वाटत असेल.

अभयचं लग्न झालं, त्याला दोन मुली आहेत. मी त्याचीही माहिती काढत असतो. त्यालाही पत्र लिहीन, पण आधी तुला.

आणखी एक आहे. तू अकरा दिवस दार लावून बसलीस. आई दारात ताट घेऊन उभी असायची. मी तिला म्हणायचो, भूक लागली की उघडेल. पण एका दुपारी ती बाजारात गेली होती तेव्हा मी तुझ्या दाराशी आलो. काल ते शब्दकोड्याचं ऐकलं तेव्हापासून ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. मीही दाराबाहेर उभा राहिलो होतो, अनुया. दाराला कान लावून. तू अभयशी फोनवर बोलतेस का, ते ऐकायला. तू बोलत नव्हतीस, रडत होतीस. मला बरं वाटलं की फोन नाही, आणि मी पेपर वाचायला गेलो.

काल वहीत सारंगबद्दल जे लिहिलं ते पान मी फाडलेलं नाही. त्यात त्याच्याबद्दलची सगळी वाक्यं आहेत, एकही गाळलेलं नाही. पान सोबत जोडतो आहे, ते तुझं तू ठेव. ते मी कुणालाही सांगणार नाही, हे मी लिहून देतो आहे. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही, म्हणून लिहून.

उद्या आठच्या बसने मी जाणार आहे. बोलाव असं म्हणायला हे पत्र नाही. हे वाचून तू बोलावणार नाहीस हीच शक्यता जास्त, आणि ते कळत असूनही लिहिलं, कारण लग्नाला उभी राहताना बापाबद्दलचं अर्धंच वाक्य तुझ्याकडे असू नये.

कारखानीस खाली आले आहेत, ऋचाचा निरोप आला. चारही पत्रं एका पाकिटात घालून त्यांच्या हातात देतो. पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांनी आधी वाचावं. ज्या आजारावरून मी एका मुलाची अब्रू घालवली, त्याच आजारातून त्यांनी आपला मुलगा बाहेर काढला आहे. मी कसा माणूस आहे हे बघायलाच ते काल दिवसभर माझ्याबरोबर हिंडले, तर त्यांना पुरतं कळू दे. मग तुला द्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

तुझा
बाबा